शिंतो: धर्म नाही म्हणणारे जपानी लोक जिंजामध्ये एवढी गर्दी का करतात?

जपानमध्ये कुणालाही विचारा की बाबा तुझा धर्म कोणता, तर माणूस जरा गोंधळतो आणि मग म्हणतो "तसा काही नाही". सर्व्हेमध्येसुद्धा निम्म्याहून जास्त लोक हेच सांगतात. आता सरकारी आकडे बघा. तिथलं सांस्कृतिक खातं दरवर्षी सगळ्या धार्मिक संस्थांकडून माहिती मागवतं, आणि २०२१ अखेरच्या हिशोबात शिंतो (जपानचा मूळचा, अनेक देवांचा धर्म) लोक निघाले ८ कोटी ७२ लाख, बौद्ध ८ कोटी ३२ लाख, बाकीचे सगळे धरून एकूण जवळपास १८ कोटी. देशाची लोकसंख्या साडेबारा कोटी! म्हणजे निम्मी जनता म्हणते आम्हाला धर्म नाही आणि कागदावर मात्र माणसांपेक्षा भक्त जास्त.

यात कुणी फसवाफसवी करत नाहीये. शिंतो देवळाला तिकडे जिंजा म्हणतात, आणि प्रत्येक जिंजाचा एक एरिया ठरलेला असतो, त्या एरियात जो राहतो तो त्या देवाचा माणूस, असं जिंजावाले धरतात. तुम्ही फॉर्म भरला का, कधी पाया पडलात का, हे कुणी विचारत नाही. बौद्ध मंदिरवाले त्यांच्याकडे ज्या घराण्यांची थडगी आहेत ती सगळी कुटुंबं मोजतात. त्यामुळे एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो आणि बरेचदा त्याला स्वतःला पत्ताही नसतो. हा घोळ एकदा डोक्यात बसला की शिंतो अर्धा समजलाच, कारण आपण धर्म म्हटलं की पहिला प्रश्न विचारतो "तू काय मानतोस?", आणि शिंतोमध्ये हा प्रश्नच फारसा येत नाही. तिथे प्रश्न असतो तू कुठल्या भागातला आणि उत्सवाच्या दिवशी येणार की नाही.

शिंतोला संस्थापक नाही. ज्याची पारायणं करावीत असा एक ग्रंथ नाही, दहा आज्ञा नाहीत, दर आठवड्याला हजेरी नाही, धर्मांतराची भानगड नाही. 'कोजिकी' (इ.स. ७१२) आणि 'निहोन शोकी' (इ.स. ७२०) अशी दोन जुनी पुस्तकं आहेत, त्यात देवांच्या गोष्टी आहेत, पण ती राजदरबाराने लिहून घेतलेली आणि त्यामागे एक मोठा हेतू हा होता की राजघराणं थेट सूर्यदेवीपासून आलंय हे लिहून ठेवावं. घरोघरी कुणी ती वाचत बसत नाही.

गोष्टी मात्र भारी आहेत. इझानागी आणि इझानामी हे जोडपं जपानची बेटं जन्माला घालतं, अग्निदेवाला जन्म देताना इझानामी भाजून मरते, नवरा तिला आणायला पाताळात जातो, तिथे तिचं सडलेलं रूप बघून घाबरून पळत सुटतो आणि बाहेर आल्यावर नदीत अंघोळ करतो. त्या अंघोळीत डावा डोळा धुताना सूर्यदेवी आमातेरासु जन्मते, उजवा डोळा धुताना चंद्रदेव आणि नाक धुताना सुसानोओ नावाचा आडदांड वादळी देव. पुढे हा सुसानोओ इतका धिंगाणा घालतो की आमातेरासु रुसून गुहेत जाऊन बसते, जगात अंधार होतो, मग बाकीचे देव गुहेबाहेर जमून पार्टी करतात, एक देवी असला नाच करते की सगळे खदखदून हसतात, आणि बाहेर हसण्याचा आवाज कसला म्हणून आमातेरासु दगड जरा सरकवून बघते तर समोर आरसा धरलेला. ती स्वतःचंच तेज बघून थबकते आणि तेवढ्यात तिला बाहेर ओढतात. आजही बऱ्याच जिंजांमध्ये आतल्या गाभाऱ्यात मूर्ती नसते, आरसा असतो, आणि तोही कुणाला दाखवत नाहीत.

त्या अंघोळीवर जरा थांबू या, कारण शिंतोचा सगळा भर तिथेच आहे. पाप आणि पुण्य यापेक्षा इथे मळलेलं आणि स्वच्छ हा हिशोब मोठा. मृत्यू, रक्त, आजारपण, सडणं यातून एक प्रकारचा विटाळ येतो, त्याला केगारे म्हणतात, आणि तो धुवून काढता येतो. म्हणून जिंजात शिरताना आधी पाण्याचं कुंड, पळीने पाणी घेऊन डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओंजळीतून तोंड खळखळायचं. वर्षातून दोनदा, जून अखेर आणि डिसेंबर अखेर, सहा महिन्यांचा साठलेला मळ काढायचा मोठा विधी असतो, जूनमधल्या विधीला बऱ्याच ठिकाणी गवताचं भलंमोठं कडं उभं करतात आणि लोकं त्यातून आत-बाहेर करत जातात. घरात मृत्यू झाला असेल तर काही दिवस जिंजात जात नाहीत. आणि म्हणूनच अंत्यसंस्कार शिंतो पद्धतीने फार कमी होतात, ते खातं बौद्ध मंदिराकडे.

देव म्हणजे कामी. पण देव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते इथे पुरत नाही. १८व्या शतकात मोतोओरी नोरिनागा नावाचा मोठा अभ्यासक होऊन गेला, त्याचं म्हणणं साधारण असं की जे जे असामान्य आहे, ज्याच्यापुढे माणूस दबून जातो ते कामी, मग ते चांगलं असो नाहीतर वाईट. त्यामुळे डोंगर कामी असतो (नारा भागातल्या ओमिवा जिंजाला गाभाराच नाही, मागचा मिवा डोंगर हाच देव), नाचीचा धबधबा कामी असतो, सातशे-आठशे वर्षांचं झाड कामी असतं, त्याला तांदळाच्या पेंढ्याचा जाड दोर बांधलेला दिसला की समजायचं.

आणि माणूसही कामी होतो, खास करून चिडून मेलेला माणूस. सुगावारा नो मिचिझाने हा क्योतोच्या दरबारातला विद्वान मंत्री, विरोधकांनी कारस्थान करून त्याला लांब क्युशू बेटावर दाझाइफूला पाठवलं, तिथेच ९०३ साली तो गेला. नंतर त्याचे विरोधक एकेक करून मरायला लागले, ९३० साली राजवाड्यावर वीज पडून माणसं मेली, आणि दरबाराची खात्री पटली की हा मिचिझानेच. उपाय काय? त्याला देव केला! आज तो तेन्जिन, विद्येचा देव, आणि दर परीक्षेच्या सीझनला लाखो पोरं त्याच्या जिंजांमध्ये लाकडी पाटीवर "अमुक कॉलेजला नंबर लागू दे" लिहून टांगतात. तोक्योमध्ये तैरा नो मासाकादो या बंडखोर सरदाराचं असंच आहे, ९४० साली मारला गेला, त्याच्या मुंडक्याची समाधी म्हणून जी जागा दाखवतात ती ओतेमाची या कॉर्पोरेट भागात आहे, आजूबाजूला काचेचे टॉवर आणि मध्ये ही जागा, तिला हात लावायची कुणाची टाप नाही. मासाकादो कांदा म्योजिनमध्येही पूजला जातो, आणि ते देऊळ अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराला खेटून असल्यामुळे तिथे कॉम्प्युटरला काही होऊ नये म्हणून खास ताईत मिळतो. मला हे हास्यास्पद वाटत नाही, देवाचा एरिया बदलला की देवाचं कामही बदलणारच.

सामान्य जपानी माणसाच्या आयुष्यात हे सगळं कधी येतं? बाळ साधारण महिन्याचं झालं की जिंजात दर्शनाला. मग नोव्हेंबरच्या १५ तारखेच्या आसपास तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून नेतात, फोटो स्टुडिओवाल्यांची चांदी. परीक्षा, नवी गाडी, घराचा पाया, पुरुषाला बेचाळिसावं आणि बाईला तेहतिसावं ही घातवर्षं. आणि १ जानेवारी. नव्या वर्षाचं पहिलं दर्शन, हात्सुमोदे, यात एकट्या तोक्योच्या मेजी जिंगूमध्ये पहिल्या तीन दिवसांत तीसेक लाख लोक येतात. पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनात मागायचं, एकदा वाकायचं, झालं. (इझुमोच्या मोठ्या जिंजात टाळ्या चार.) चिठ्ठी काढायची, भविष्य वाईट निघालं तर तिथेच तारेला बांधून यायचं, वाईट ते घरी कशाला न्या.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. यातल्या बऱ्याच "प्राचीन परंपरा" आपल्या पणजोबांच्या काळातल्या आहेत. हात्सुमोदे आज ज्या रूपात दिसतं, म्हणजे ट्रेन पकडून लांबच्या प्रसिद्ध देवळात जायचं, ते मेजी काळात (१८६८ ते १९१२) रेल्वे आल्यावर सुरू झालं, आणि रेल्वे कंपन्यांनी जाहिराती करून ते वाढवलं. शिंतो पद्धतीचं लग्न, पांढरा किमोनो, छोट्या कपातून साके (तांदळाची दारू), हे १९०० साली युवराज योशिहितोचं लग्न तसं झालं तेव्हापासून लोकांत पसरलं. आणि मेजी जिंगूभोवतीचं ते गर्द जंगल, ज्यात शिरलं की वाटतं हजार वर्षांचं असेल, ते १९२० च्या सुमारास माणसांनी लावलंय. देशभरातून लोकांनी जवळपास एक लाख झाडं पाठवली. पंतप्रधानांना सुगी नावाची देवदारासारखी उंच झाडं हवी होती, पण होंदा सेइरोकू आणि त्यांच्या टीमने दाखवून दिलं की ती तोक्योत टिकणार नाहीत, त्यापेक्षा सदाहरित ओक वगैरे लावा, शे-दीडशे वर्षांत जंगल स्वतःचं स्वतः चालेल. त्यांचा अंदाज खरा ठरला.

मग जुनं म्हणजे काय, हा प्रश्न इसेमध्ये एकदम उलटा होऊन समोर येतो. इसे जिंगू, आमातेरासुचं देऊळ, सगळ्यात पवित्र, परंपरा इ.स. ६९० पासूनची, पण तुम्ही जे देऊळ बघता ते जास्तीत जास्त वीस वर्षांचं असतं. दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तंतोतंत तसंच नवं देऊळ बांधतात, रात्रीच्या अंधारात देवीला नव्या घरी नेतात आणि जुनं उतरवतात. २०१३ मध्ये हे ६२व्यांदा झालं. मध्ये यादवी युद्धांच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास बंद पडलं होतं, नाहीतर चालूच. का करतात याची कारणं वेगवेगळी सांगतात: खांब थेट जमिनीत पुरलेले आणि छपराला गवत, त्यामुळे लाकूड कुजतंच, शिवाय स्वच्छतेचा तो मूळ नियम, देवाचं घर ताजं हवं, आणि वीस वर्षांचा काळ असा आहे की एक सुतार तरुणपणी हाताखाली काम करतो, पुढच्या वेळी मुख्य कारागीर असतो, त्याच्या पुढच्या वेळी म्हातारा होऊन शिकवतो. देवळाबरोबर तलवारी, कापड, खोगिरं अशा सातशेच्या वर प्रकारच्या वस्तूही नव्याने बनवतात, म्हणजे त्या त्या कलेतल्या लोकांनाही काम. जुनं लाकूड फेकत नाहीत. मुख्य खांब तासून देवळाकडे नेणाऱ्या उजी पुलाच्या टोकाला तोरी, म्हणजे कमान, म्हणून उभे राहतात, वीस वर्षांनी तिथून निघून आणखी दुसऱ्या ठिकाणी.

आता थोडं राजकारण, कारण ते टाळून शिंतोवर लिहिणं म्हणजे अर्धवट लिहिणं. १८६८ पर्यंत शिंतो आणि बौद्ध वेगळे नव्हतेच. हजार वर्षांहून जास्त काळ एकाच आवारात देव आणि बुद्ध, एकच पुजारी दोन्हीकडे. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेली आणि बेन्झाइतेन झाली, तिची ठाणी जिंजांमध्ये होती आणि कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. (ते "जपानमध्ये हिंदू देव" वाले फॉरवर्ड येतात ना, त्यात नावं बरोबर असतात, पण हे देव बौद्ध धर्माचं बोट धरून गेले आणि तिथे पार जपानी झाले एवढं सांगायचं राहून जातं.) १८६८ ला मेजी सरकार आलं आणि हुकूम काढला की दोन्ही वेगळे करा. मूर्ती फोडल्या गेल्या, मंदिरं पाडली, बऱ्याच ठिकाणी बेन्झाइतेनच्या जागी शिंतो देवीचं नाव लागलं. मग १९०६ पासून गावोगावचे छोटे जिंजा एकत्र करायचं धोरण आलं, काही वर्षांत जवळपास ७० हजार जिंजा गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची राखलेली झाडंही तोडली गेली. मिनाकाता कुमागुसू नावाचा अवलिया शास्त्रज्ञ याविरुद्ध इतका भडकला की एका सभेत घुसून राडा केला आणि तुरुंगात गेला. जंगल गेलं की गाव जातं, हे तो तेव्हा सांगत होता.

सरकारला हवं काय होतं? सम्राट हा सूर्यदेवीचा वंशज आणि सगळा देश त्याच्यामागे. त्यासाठी शाळेतल्या पोरांना जिंजात रांगेने नेणं, सगळ्यांना वाकायला लावणं सुरू झालं. आणि युक्तिवाद बघा कसला: शिंतो हा धर्म नाहीच, ही राष्ट्रीय प्रथा आहे, त्यामुळे ख्रिश्चन असो बौद्ध असो, वाकण्याने तुमच्या धर्माला काही होत नाही! कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा सोलमध्ये १९२५ साली भलामोठा जिंजा बांधला आणि कोरियन लोकांना तिथे वाकायला लावलं. १९४५ ला जपान हरल्यावर तो लगेच गेला. डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकन ताब्याच्या सरकारने राज्य आणि शिंतो वेगळे करायचा आदेश काढला, १९४६ च्या पहिल्या दिवशी सम्राट हिरोहितोने आपण देव नाही अशा अर्थाचं निवेदन दिलं, आणि १९४७ च्या राज्यघटनेत सरकारने धर्मापासून लांब राहायचं हे पक्कं झालं.

पण गाडी परत त्याच प्रश्नावर येते. १९६५ साली त्सू नावाच्या शहराने व्यायामशाळा बांधायला घेतली आणि भूमिपूजनाला शिंतो पुजारी बोलावला, खर्च ७,६६३ येन. एका नगरसेवकाने केस टाकली की हा जनतेचा पैसा धर्मावर गेला. हायकोर्ट म्हणालं बरोबर, हे धार्मिकच. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला: भूमिपूजन ही समाजातली रूढी, कामगारांना बरं वाटतं, यात धर्मप्रचार नाही. पंधरापैकी पाच न्यायाधीश मात्र पटलं नाही म्हणाले. जपानी माणसाच्या रोजच्या अनुभवाशी हा निकाल जुळतो, मान्य, पण "हा धर्म नाही, प्रथा आहे" हे वाक्य आधी कशासाठी वापरलं गेलं होतं ते लक्षात असलेल्यांना धास्ती वाटली तर मी त्यांना दोष देणार नाही. पुढे १९९७ ला कोर्टाने एहिमेच्या प्रांत सरकारने यासुकुनी जिंजाला दिलेली देणगी घटनाबाह्य ठरवलीच. यासुकुनी म्हणजे तोक्योमधला तो वादग्रस्त जिंजा, १८६९ चा, युद्धात मेलेल्या २४ लाखांहून जास्त जणांना तिथे कामी मानलंय, आणि १९७८ मध्ये त्यात १४ मोठे युद्धगुन्हेगारही घातले गेले. कुठला पंतप्रधान तिथे गेला की चीन आणि कोरियातून निषेध येतो तो यामुळे. सम्राट मात्र १९७५ नंतर तिथे गेलेला नाही.

बरं, आता मुख्य मजा. मात्सुरी, म्हणजे उत्सव. साधा आराखडा असा की देव एरवी गाभाऱ्यात, वर्षातून एकदा (किंवा काही वर्षांतून एकदा) त्याला मिकोशी नावाच्या लाकडी पालखीत बसवून त्याच्या एरियातून फिरवायचं. पालखी शांतपणे न्यायची नसते, गदागदा हलवायची, ओरडायचं, घाम गाळायचा. ठिकाणागणिक तऱ्हा वेगळी. ओसाकाजवळ किशिवादाला चार टनांचे लाकडी रथ धावत ओढतात आणि चौकात स्पीड न कमी करता वळवतात, छपरावर माणूस नाचत असतो. नागानोमध्ये सुवाला सहा वर्षांतून एकदा मोठमोठी झाडं तोडून डोंगरउतारावरून सोडतात आणि माणसं त्यावर बसून खाली येतात, माणसं मेलीयेत त्यात, तरी करतात.

एकच मात्सुरी नीट समजून घ्यायचा तर क्योतोचा गिओन घ्या. ८६९ साली साथ पसरली, लोकं पटापट मरायला लागली, दरबाराला वाटलं की हे कुण्या रागावलेल्या आत्म्याचं काम, म्हणून त्या वेळच्या ६६ प्रांतांसाठी ६६ भाले उभे करून शांत करायचा विधी केला. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे ना, मूळ कल्पना त्याच जातीची. क्योतोत त्याचा पुढे दर जुलैचा महिनाभराचा उत्सव झाला. देव होता गोझू तेन्नो, बैलाच्या डोक्याचा, साथीचा देव, आणि तो कोण तर श्रावस्तीच्या जेतवनाचा रखवालदार मानलेला. म्हणजे बुद्ध जिथे पावसाळ्यात राहायचा त्या बागेचं जपानी नाव गिओन, तेच या उत्सवाला आणि त्या अख्ख्या भागाला चिकटलं. १८६८ नंतर गोझू तेन्नोला रजा मिळाली, देवळाचं नाव यासाका जिंजा झालं, आणि देव सुसानोओ.

लोकं बघायला जातात ती रथांची मिरवणूक. ३४ रथ, १७ जुलैला २३ आणि २४ जुलैला ११. मोठे रथ बारा टनांच्या आसपास, वरच्या भाल्यासकट पंचवीस मीटर उंच, आणि सांगाडा खिळा न ठोकता नुसत्या दोरांनी बांधलेला. चाकं वळत नाहीत, म्हणून चौकात ओल्या बांबूच्या पट्ट्या टाकून अख्खा रथ घसरवून वळवतात. पहिल्या रथावर एक लहान मुलगा, चिगो, त्याला विधीनंतर देवाचा दूत मानतात आणि तो जमिनीला पाय लावत नाही, माणसं उचलून नेतात. रथ सजवलेत कशाने? क्योतोच्या व्यापाऱ्यांकडे पैसा होता आणि चुरस होती, त्यामुळे १६व्या शतकातले बेल्जियमचे पडदे, पर्शियन गालिचे, आणि डच जहाजांनी आणलेले भारतीय गालिचेसुद्धा आहेत. त्यातल्या एका गटाला गालिच्यांचे अभ्यासक दख्खनी समजतात. म्हणजे आपल्या दख्खनच्या विणकराचं काम क्योतोमध्ये साथीच्या देवाच्या रथावर, आणि मला वाटतं आपल्यापैकी फार कमी जणांना हे माहीत आहे.

पण रथ म्हणजे खरा उत्सव नव्हे. रथ फक्त रस्ता साफ करतात, म्हणजे साथ वगैरे जे काही वाईट आहे ते गोळा करून नेतात, म्हणून मिरवणूक संपली की रथ लगेच सोडतात. देव बाहेर पडतात संध्याकाळी, तीन मिकोशींमध्ये, आणि आठवडाभर शिजो रस्त्यावरच्या मुक्कामाच्या जागी राहून २४ ला परत जातात. टुरिस्ट दुपारीच हॉटेलवर गेलेले असतात. जुलैभर उत्सवातले काही लोक काकडी खात नाहीत, कारण काकडीची चकती जिंजाच्या चिन्हासारखी दिसते. घरांच्या दारावर पेंढ्याची जुडी लावतात, त्यावर लिहिलेलं असतं "सोमिन शोराईचे वंशज". हा सोमिन गरीब होता, प्रवासाला निघालेल्या देवाला श्रीमंत भावाने हाकललं आणि याने घरात घेऊन भरड धान्याचं जेवण दिलं, मग साथ आली तेव्हा देवाने सांगितलं की तुझ्या वंशजांना हात लावणार नाही. म्हणून सगळं क्योतो एक महिना त्याचं वंशज होतं.

हे सगळं चालवतं कोण? पुजारी नाही. प्रत्येक रथामागे एक मोहल्ला आहे, तिथली कमिटी, तिथली वर्गणी, तिथली गोडाऊन्स, पोरांची महिनाभराची वाद्यांची प्रॅक्टिस. म्हणूनच मात्सुरी मरतो तेव्हा लोकांचा विश्वास उडाला म्हणून मरत नाही, माणसं उरली नाहीत म्हणून मरतो. इवाते प्रांतात कोकुसेकी-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे, तिथे हजार वर्षांहून जुना सोमिनसाई होता, थंडीत उघड्या अंगाने पुरुष एका पिशवीसाठी झटायचे (सोमिन तोच, आणि ठिकाण बौद्ध, कप्पे पाडायला गेलं की असं होतं). फेब्रुवारी २०२४ मध्ये तो शेवटचा केला. कारण सरळ सांगितलं: तयारी करणारी कुटुंबं थोडी आणि म्हातारी, आता झेपत नाही.

त्याच महिन्यात आइची प्रांतात कोनोमियाच्या अशाच उघड्या अंगाच्या उत्सवात पहिल्यांदा बायकांचा गट उतरला, अंगावर कपडे घालून, बांबू वाहून नेण्याच्या भागात. बाकी ठिकाणीही पालखीला खांदा द्यायला बाहेरचे विद्यार्थी, ऑफिसवाले, परदेशी लोक बोलावतात. गिओनच्या पहिल्या रथावर मात्र बाईला अजून चढू देत नाहीत. पैशाचाही प्रश्न आहेच, गिओनमध्ये २०२३ साली चार लाख येनपर्यंतच्या प्रीमियम सीट्स विकल्या, आणि हा शो नाही, देवाचं काम आहे अशी ओरड झाली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं मला वाटतं, दोर आणि बांबूचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत.

बघायला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: गिओनला १७ जुलैला सकाळी रथ बघून झोपू नका, संध्याकाळी सहाच्या आसपास यासाका जिंजासमोर उभे राहा. तोक्योचा मोठा कांदा मात्सुरी विषम वर्षी मे महिन्यात असतो, सुवाचा पुढचा २०२८ ला. आणि इसेचं पुढचं नवं देऊळ २०३३ मध्ये, त्याचे जंगलातले लाकूडतोडीचे विधी २०२५ लाच सुरू झालेत. हॉटेलचं बुकिंग आधीच बघा, २०१३ साली तिथे वर्षभरात १ कोटी ४० लाख लोक येऊन गेले होते.